छायेंतील मुलगा : ‘लिंबो’ या खेळासंबंधीं टीकाकारांचीं मतें



ज्यानें आपलें सारें आयुष्य शाळेच्या चार भिंतींत घालविलें, अशा माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त मास्तरानें नभोवाणीवर येऊन व्हिडिओ-खेळाविषयीं बोलावें, हें ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हंसूं येईल. मलाहि तें आलें होतें. परंतु प्रसंगच तसा घडला.

माझा नातू चौदा वर्षांचा आहे. एके दिवशीं संध्याकाळीं तो संगणकापुढें बसला असतांना त्याची आई मागें येऊन उभी राहिली. पडद्यावर एक लहान मुलगा अंधाऱ्या रानांतून चालला होता. गवतांत दडलेला सांपळा मिटला आणि तो मुलगा मेला. क्षणांत तो पुन्हां उभा राहिला, चालूं लागला, आणि पुन्हां मेला. सूनबाईला तें पाहवेना. ती मला म्हणाली, “बाबा, हा खेळ मी बंद करतें. तुमचें काय मत आहे?” त्यावर नातू म्हणाला, “आजोबा, तुम्ही आधीं खेळून पाहा आणि मग सांगा.” नातवाचें म्हणणें मला न्यायाचें वाटलें. पुस्तक न वाचतां त्यावर अभिप्राय लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मीं कधींहि गुण दिले नाहींत. म्हणून मी तो खेळ खेळलों, त्यावरील जाणत्या टीकाकारांचे लेख नातवाकडून वाचून घेतले, आणि त्या अभ्यासाचें सार आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम या खेळाची जात समजून घेऊं. इंग्रजींत अशा खेळांना ‘प्लॅटफॉर्मर’ म्हणतात. एका फळीवरून दुसऱ्या फळीवर उड्या मारीत नायकानें पुढें जावयाचें, हा त्यांचा गाभा. जपानांत १९८५ सालीं निघालेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. या उड्यांना कोड्यांची जोड दिली म्हणजे ‘पझल प्लॅटफॉर्मर’ होतो. उडी पोंचत नसेल तर पेटी ओढून आणावी, दोरीला लोंबकळावें, पाण्याची पातळी वाढवावी, असा विचार करून वाट काढावयाची. मोठ्या कंपन्यांच्या आश्रयावांचून मोजक्या मंडळींनीं स्वतःच्या कल्पनेनें रचलेल्या खेळांना ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र खेळ असें नांव आहे. खेळ दुकानांत न ठेवतां तारेवरून थेट ग्राहकाच्या यंत्रांत उतरवितां येऊं लागले, तेव्हां अशा लहान मंडळींना बाजार मोकळा झाला. जोनाथन ब्लो या अमेरिकन रचनाकाराचा ‘ब्रेड’ हा खेळ २००८ सालीं निघाला व त्यानें या वाटेला प्रतिष्ठा मिळवून दिली.

‘लिंबो’ हा डेन्मार्कचा. आर्न्ट जेन्सन व डिनो पाटी यांनीं २००६ सालीं कोपनहेगन येथें ‘प्लेडेड’ ही संस्था स्थापिली, आणि २१ जुलै २०१० रोजीं हा त्यांचा पहिला खेळ प्रसिद्ध झाला. आरंभीं तो मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या यंत्रापुरताच होता. २०११ सालीं तो संगणकावर आला. त्याची मूळ किंमत १५ डॉलर होती. ती किंमत कृपया ध्यानांत ठेवावी, कारण तिच्यावरून पुढें बराच वाद झाला.

लिंबो या शब्दाचें मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ ‘कांठ’ असा आहे. जुन्या कॅथलिक धर्मविचारांत बाप्तिस्मा न होतां मरण पावलेल्या अर्भकांचे जीव नरकाच्या कांठावरील ज्या प्रदेशांत राहतात, त्याला हें नांव होतें. आपण त्रिशंकूची अवस्था म्हणतों, तिच्या जवळची ही कल्पना. मात्र त्रिशंकू स्वतःच्या हट्टानें लटकला, हीं मुलें निरपराध. या नांवांतच खेळाचें सारें कारुण्य सांठविलेलें आहे. एक मुलगा रानांत जागा होतो आणि आपल्या बहिणीच्या शोधांत निघतो. एवढीच कथा. संवाद नाहीं, निवेदन नाहीं, पडद्यावर सूचना नाहींत. चालणें, उडी मारणें आणि वस्तु धरणें, इतक्याच क्रिया खेळणाऱ्याच्या हातीं आहेत.

याचें रूपहि तितकेंच संयमी आहे. सारें चित्र काळ्या, पांढऱ्या व राखी छटांचें. मुलगा म्हणजे केवळ एक काळी आकृति. तिच्यावर दोन पांढरे डोळे. दूरचीं झाडें धुक्यांत विरलेलीं, आणि जुन्या बोलपटाच्या फितीवर दिसते तशी बारीक खर सर्वत्र पसरलेली. टीकाकारांना यावरून १९२० नंतरच्या दशकांतील जर्मन मूक चित्रपटांची आठवण झाली. लोटे रायनिगर या जर्मन बाईंनीं काळा कागद कातरून १९२६ सालीं राजपुत्र अहमदचा संपूर्ण छायाचित्रपट केला, ही गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. आपल्याकडे सिंधुदुर्गांतील पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या छाया पडद्यावर नाचवितात. चेहरा दिसत नसला कीं पाहणारा तो आपल्या मनानें भरतो, हें छायाकलेचें जुनें रहस्य या डेन लोकांनीं नव्या यंत्रांत आणलें.

ध्वनीची योजना मार्टिन स्टिग अँडरसन यांची. त्यांनीं प्रसंगोपात्त रडवणारें किंवा घाबरवणारें संगीत जवळजवळ टाळलें. पाऊल, पाणी, वारा, यंत्राची घरघर यांतूनच त्यांनीं वातावरण उभें केलें. भीति वाटावी अशी सूचना सुरांतून मिळत नाहीं. म्हणूनच भीति अधिक वाटते.

टीकाकारांनीं या सर्वाचें मुक्तकंठानें कौतुक केलें. समीक्षकांनीं दिलेल्या गुणांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’च्या हिशेबांत ‘लिंबो’ला शंभरांपैकीं ९० गुण मिळाले. परंतु मी मास्तर पडलों. मिळालेल्या नव्वदांपेक्षां गेलेले दहा गुण कोठें गेले, हें पाहण्याची मला खोड आहे. मुख्य आक्षेप चार दिसतात.

पहिला आक्षेप लांबीचा. तीन ते पांच तासांत खेळ संपतो आणि त्याला १५ डॉलर! कित्येकांना हा सौदा महाग वाटला. इतरांचें उत्तर असें कीं, कलाकृतीचें मोल घड्याळानें करूं नये. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतें. तीन तासांचें नाटक पाहून ‘दर मिनिटास किती पडले’ असा हिशेब आपण करीत नाहीं. तथापि प्रपंच चालविणाऱ्यानें किंमत विचारली, तर त्याला अरसिक म्हणणें हेंहि बरें नव्हे. खेळांत पाणी घालून तो वीस तासांचा केला असता, तर मात्र दोघांचेंहि नुकसान झालें असतें.

दुसरा आक्षेप उत्तरार्धाविषयींचा. पूर्वार्धांत प्रचंड कोळी आहे, मुलावर सांपळे रचणारीं दुसरीं मुलें आहेत. त्या कोळ्याचा आधीं आपल्याला धाक बसतो. पुढें त्याच कोळ्याचा पाय उपटून त्याच्या धडावरून कांटेरी खड्डा ओलांडण्याची पाळी येते, तेव्हां आपलीच शिसारी वाटते. उत्तरार्धांत अशीं माणसें व प्राणी विरळ होतात. करवती, लोहचुंबक, फिरतीं चक्रें, उलटें होणारें गुरुत्वाकर्षण, अशीं यांत्रिक कोडीं एकामागून एक येतात. कोडीं उत्तम आहेत. पण मुलगा त्यांतलें एक प्यादें होतो. या मतासंबंधीं मी टीकाकारांशीं पूर्ण सहमत आहें. ज्या बहिणीसाठीं तो निघाला, तिचा आपल्यालाच मधून मधून विसर पडतो.

तिसरा आक्षेप मरणाचा. आणि आमच्या घरांतला वाद हाच. येथें चुकीला मरण आहे, आणि तें पाहण्यास क्रूर आहे. स्वतः कर्त्यांनीं या पद्धतीला ‘प्रयत्न आणि मरण’ असें म्हटलें आहे. कांहीं टीकाकार म्हणतात, कित्येक सांपळे आधीं ओळखतांच येत नाहींत. एकदां मेल्याशिवाय उत्तर कळत नाहीं, आणि हा अन्याय आहे. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारणाऱ्या परीक्षकाला आपण दोष देतों, तसाच हा दोष. तो मला मान्य आहे.

परंतु दुसरीहि एक गोष्ट मीं पाहिली. खेळांतला मुलगा मेला कीं दोन-चार पावलेंच मागें पुन्हां उभा राहतो. कोणी रागावत नाहीं, गुण कापले जात नाहींत. माझा नातू एका कोड्यापाशीं सहा वेळां चुकला आणि सातव्या वेळीं जागेवरून पुढें सरकून विचार करूं लागला. हाच मुलगा गणितांत एक उदाहरण चुकलें कीं वही लपवितो. मीं वर्गांत चुकीला छडी दिलेली आहे. त्या वेळीं तें मला कर्तव्य वाटे. त्या छडीनें किती मुलांचा सातवा प्रयत्न हिरावून घेतला असेल, हा विचार त्या संध्याकाळीं मला प्रथमच आला, आणि तो अजून जात नाहीं.

चौथा आक्षेप शेवटाचा. तो येथें फोडून सांगत नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, तो एकाएकीं येतो आणि भाऊबहिणींचें पुढें काय झालें, किंबहुना तीं जिवंत होतीं कीं नव्हतीं, हें खेळणाऱ्यावर सोंपवितो. कोणी याला अपुरेपणा म्हटलें, कोणी संयम म्हटलें. मला हा शेवट आवडला. कारण चांगल्या प्रश्नाचें उत्तर मागच्या पानावर छापलेलें नसतें.

जातां जातां एक प्रसंग सांगतों. अमेरिकेचे ख्यातनाम चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनीं एप्रिल २०१० मध्यें लिहिलें कीं, व्हिडिओ-खेळ कधींहि कला होऊं शकणार नाहीं. त्यावर मोठें काहूर उठलें. १ जुलैला त्यांनीं पुन्हां लेख लिहून मोकळेपणानें कबूल केलें कीं, स्वतः खेळ न खेळतां असें बोलणें चुकीचें झालें. मत मात्र त्यांनीं सोडलें नाहीं. यानंतर तीनच आठवड्यांनीं ‘लिंबो’ निघाला. ईबर्ट २०१३ सालीं वारले. त्यांचें मत खरें कीं खोटें, हें ठरविण्याचा माझा अधिकार नाहीं. पण त्यांची कबुली मला त्यांच्या मतापेक्षां मोठी वाटते.

सूनबाईला मीं माझा निर्णय सांगितला. अमेरिकेंतील वर्गवारीप्रमाणें हा खेळ तेरा वर्षांच्या पुढील मुलांसाठीं आहे. लहान भावंडांना तो दाखवूं नये, आणि थोरल्यानें खेळावा तो एकट्यानें नव्हे, तर शेजारीं कोणी बसलें असतांना. ती स्वतः बसली. खेळ संपला तेव्हां बराच वेळ दोघें बोललीं नाहींत. मग मुलानें विचारलें, “आई, ती बहीण त्याला खरोखर भेटली का ग?” सूनबाईनें माझ्याकडे पाहिलें. मी म्हणालों, “तुला काय वाटतें तें कारणांसह अर्ध्या पानांत लिहून आण.”

त्यानें दीड पान लिहिलें. त्यांत शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. तांबड्या शाईची दौत मीं या वेळीं उघडली नाहीं.

आपल्या घरींहि एखादे दिवशीं असा प्रश्न उभा राहील. तेव्हां मनाई करण्यापूर्वीं घटकाभर मुलाशेजारीं बसून पाहावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.