पाटणचा मठ आणि गणिताची कोडी

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ, डोंगराच्या पायथ्याशी पाटण हे ठिकाण आहे. तेथील देवीच्या मंदिरात इसवी सन १२०७ चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी येथे मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्याला दान दिले, असे त्यात कोरले आहे. लेखाच्या मराठी भागात, बाजारातील मालावरच्या राजाच्या कराचा वाटा मठाला दिल्याची नोंद आहे. म्हणजे पाटणच्या बाजाराने गणिताचा अभ्यास पोसला!

भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ हा ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. त्यात भुंगे, हंस, कमळे यांची कितीतरी कोडी आहेत. ती सोडविण्याची एक रीत ‘इष्टकर्म’. आपण ती आपल्या केळीच्या बाजारात वापरून पाहू.

एका बागाईतदाराने केळीच्या घडांपैकी एक तृतीयांश धुळ्याला, एक चतुर्थांश भुसावळला आणि एक पंचमांश चाळीसगावला पाठविले. २६ घड उरले. एकूण घड किती?

सोयीची कोणतीही संख्या धरा. ३, ४, ५ या तिघांनी भाग जाणारी ६० घ्या. तिच्यातून २०, १५ आणि १२ गेले; उरले १३. खरे उरलेले घड २६, म्हणजे दुप्पट. म्हणून एकूण घडही ६० च्या दुप्पट, १२०. ताळा करून पाहा.

ही रीत का चालते? एकूण घड दुप्पट झाले की प्रत्येक वाटा आणि बाकीही दुप्पट होते, म्हणून. पण समजा, वाटे पाठविल्यावर ५ घड खराब निघाले म्हणून टाकले आणि २१ उरले. आता काय? हे ५ घड एकूण संख्येबरोबर वाढत नाहीत. म्हणून आधी ते बाकीत मिळवा, २६ करा, मग इष्टकर्म करा. रीत पाठ असून भागत नाही. ती कोठे चालते हे कळायला हवे.

आता तुमची पाळी. मी मनात एक संख्या धरली. तिला ३ ने गुणले, ९ मिळविले, वर्गमूळ काढले, ४ वजा केले, उरले ५. शेवटाकडून उलट चालत या. ‘लीलावती’त या रीतीला ‘व्यस्तविधी’ म्हणतात.

(उत्तर : २४. पण आधी स्वतः करून पाहिलेत ना?)