जुन्या मोटारीच्या इंजिनांतील पाणगळतीचा शोध

हस्तलिखितांच्या संग्राहकांपुढें मोटारीचा विषय मांडणें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु जुनी वस्तु टिकवितांना होणारी चूक दोन्हींकडे एकच असल्यामुळें हा लेख लिहितों.

काटेवाडीस माझ्याजवळ प्रीमिअर पद्मिनी मोटार आहे. इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर ज्यांच्या नांवाचें, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनीं इ. स. १९४४ मध्यें स्थापिलेल्या कंपनीची ही गाडी. घडण मात्र इटलीच्या फियाट ११०० ची, इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें. गेल्या उन्हाळ्यांत इंदापूरच्या वाटेवर तिचें पाणी उकळलें. एका कारागिरानें रेडिएटरांत मूठभर हळद टाकली व गळती थांबली. हा उपाय खेड्यापाड्यांत रूढच आहे. परंतु हळद जशी फट बुजविते तशाच रेडिएटरांतील अरुंद नळ्याहि बुजविते. पोथींत चुकलेल्या अक्षरावर लेखक हरताळ लावी, त्यांतलाच हा प्रकार. त्यांतहि हरताळाखालचा पाठ पुष्कळदां वाचतां येतो, येथें तीहि सोय नाहीं. पंधरवड्यानें पाणी पुन्हां उकळलें.

तेव्हां मीं पाठशोधनाची रीत धरली. जेथें ओल दिसते तेथेंच मूळ असतें असें नव्हे. पंख्याच्या वाऱ्यानें पाणी मागें फेंकलें जातें. वाळलेल्या क्षारांची पांढरी रेघ मात्र खरी साक्षीदार. ती वर वर पाहत जावी. बहुतेक पंपांच्या आंसाखालीं बारीक छिद्र असतें. तेथून ठिबकल्यास आंतलें सील गेलें असें समजावें. रबरी नळ्या पट्ट्याशीं चिरतात, व लोखंडी ब्लॉकच्या बाजूचीं पत्र्याचीं टोपणें आंतून गंजतात.

बाहेर कांहींच न दिसतां पाणी घटत असेल, तर थंड इंजिनाचें झांकण काढून तें चालू करावें. बुडबुडे थांबतच नसतील, किंवा तेलाच्या कांडीवर दुधासारखा फेस असेल, तर दोष हेड गॅस्केटचा. माझा तोच निघाला. ब्लॉक लोखंडाचा, हेड ॲल्युमिनिअमचें. तापल्यावर दुसरा धातु पहिल्याच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतो, आणि दोनदां उकळल्यानें हेड वांकलें होतें. सरळ पट्टी ठेवतांच मधून उजेड दिसला. बारामतीस तें यंत्रावर सपाट करून घेतलें, नवें गॅस्केट बसविलें, आणि नट मधल्यापासून बाहेर, थोडे थोडे करून आवळले. आतां विहिरीच्या खाऱ्या पाण्याऐवजीं ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट घालतों.

एक सूचना राहिली: तापलेलें झांकण उघडूं नये. माझ्या मनगटावरचा डाग त्याच उन्हाळ्याचा आहे.