पुलांखालची चिबड जमीन

महाडचा सावित्रीवरील पूल ऑगस्ट २०१६ मध्ये पुराने नेला, तेव्हां सर्वांचे लक्ष पाण्याकडे गेले. मातीकडे कोण पाहतो? एकोणिसाव्या शतकापासून नीरा डाव्या कालव्याचे पाणी पिणाऱ्या बारामती-इंदापुराकडील काळ्या जमिनी कित्येक ठिकाणी चिबड झाल्या आहेत. अशा खोल मातीवर जोडरस्त्याचा उंच भराव घातला म्हणजे ती दीर्घकाळ दबत राहते. एरवी बाजूच्या घर्षणाने पाईलास तोलून धरणारी हीच माती खचतांना त्याच घर्षणाने त्यास खाली ओढते. आधारच ओझे होतो! सबब पाईल खालच्या कठीण खडकात रोवावे, अथवा भराव अगोदर घालून माती बसू द्यावी. पण ठेकेदारास मुदतीची घाई. ज्यांचा ऊस व ज्यांची मुले या पुलांवरून जातात, त्यांस बोअरचे अहवाल ठेका देण्यापूर्वीच बांधकाम खात्याने कां दाखवू नयेत?