भूकंपानंतर इमारत धड आहे का? तिचा ठेका सांगतो

भूकंप थांबला. इमारत उभी आहे, प्लास्टरला दोन-चार तडे आहेत. आत परत जायचं की नाही? नुसत्या डोळ्यांनी याचं उत्तर मिळेलच असं नाही, कारण काँक्रीटच्या आतली इजा बाहेरून दिसत नाही. अशा वेळी कंपनांच्या नोंदी कामी येतात.

झोपाळ्याला जसा स्वतःचा ठेका असतो, तसा प्रत्येक इमारतीलाही असतो. दहा मजली इमारतीला एक झोका पूर्ण करायला साधारण एक सेकंद लागतो. बैठं घर त्याहून कितीतरी जलद हलतं. हा ठेका वजन आणि ताठपणा यांवर ठरतो. खांब-तुळयांना तडे गेले की ताठपणा घटतो आणि झोका लांबतो.

मोजायचं कसं? एक कंपनमापक तळाशी, दुसरा गच्चीवर. तळाचं यंत्र जमिनीची हालचाल टिपतं, गच्चीवरचं इमारतीची. दोन्ही नोंदी ताडून पाहायच्या. तळाच्या मानाने गच्ची ज्या ठेक्यावर सर्वांत जास्त हलली, तो इमारतीचा स्वतःचा ठेका. थरथर किती लवकर विरते, त्यावरून इमारत धक्क्याची ऊर्जा किती जिरवते तेही कळतं.

अमेरिकेतल्या पासाडेना इथली कॅलटेक संस्थेची, पूर्वी मिलिकन लायब्ररी म्हणून ओळखली जाणारी नऊ मजली इमारत हे याचं गाजलेलं उदाहरण. नवी असताना ती पूर्व-पश्चिम दिशेने सेकंदाला सुमारे १.४५ वेळा झुलायची. १९७१ च्या सान फर्नांडो भूकंपात हा आकडा १ च्या आसपास आला. ताठपणा या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो; म्हणजे त्या वेळी निम्म्याहून जास्त ताठपणा गेला होता. हादरे थांबल्यावर त्यातला काही परत आला, सगळा नाही.

मात्र प्रत्येक घट म्हणजे नुकसान नव्हे. जोराचा पाऊस, वारा आणि तापमान यांनीही याच इमारतीचा ठेका थोडाफार बदलतो. म्हणून एकाच मोजणीवर निकाल देता येत नाही.

आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप धरणातल्याच यंत्राने टिपला आणि ती नोंद जगभर अभ्यासली गेली. धरणाचं ठीक, पण गावातल्या शाळा-दवाखान्यांचं काय? त्यासाठी भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. वारा आणि रहदारीने इमारत सतत बारीक थरथरते, संवेदनशील यंत्राला तेवढं पुरतं. बेळगाव असो की बडोदा, धक्क्याआधीचा आकडा नोंदवलेला असेल, तर नंतर तशीच मोजणी करून इंजिनिअरला तुलना करता येते.