कॉक पुरेल की मोटर लागेल? घरच्या साउंड सेटची गोष्ट



आम्ही वडीगोद्रीच्या बचत गटातल्या बाया. आज आवाजाबद्दल बोलणार आहोत. घरात किंवा गटाच्या खोलीत गाण्यांचा सेट असतो, म्हणजे एक ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. त्याच्यापुढे काय जोडायचे आणि कशावर पैसे घालायचे नाहीत, एवढाच आजचा विषय. तुम्ही म्हणाल, हा तर पोरांचा विषय. पण यात आपले पैसे अडकतात, आणि कधीकधी आपला आवाजही अडकतो.

आमचेच सांगतो. आमच्याकडे एक जुना असेंबल केलेला ॲम्प्लिफायर आहे. त्याला आवाज कमी-जास्त करायचे बटणच नव्हते. गटातल्या एकीच्या मुलाने प्लास्टिकच्या डबीत व्हॉल्यूमचा नॉब बसवून ती डबी मध्ये जोडून दिली. मोबाईल लावला की भजने म्हणा, रेडिओचे कार्यक्रम म्हणा, सगळे खणखणीत ऐकू यायचे.

मग तोच सेट आम्ही महिला सभेला नेला. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असे आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. त्या दिवशी डबीला मोबाईलच्या जागी माइक जोडला. काकू पाण्याबद्दल बोलायला उभ्या राहिल्या. नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी मागच्या ओळीत नुसती कुजबुज. त्यात हायवेवरच्या ट्रकांचा आवाज. कोणीतरी म्हणाले, "बायांचा आवाज तेवढाच असतो." काकू बोलणे अर्धवट टाकून खाली बसल्या.

दुकानात विचारले, तर उत्तर मिळाले, सगळा सेटच बदला. गटाचा पैसा म्हटल्यावर आम्ही आधी समजून घ्यायचे ठरवले. तेव्हा कळले, दोष काकूंच्या गळ्याचा नव्हता आणि ॲम्प्लिफायरचाही नव्हता. माइकला जे लागते ते त्या डबीत नव्हतेच.

ॲम्प्लिफायरच्या आधी आवाज सांभाळणारा जो भाग असतो, त्याला प्रीॲम्प म्हणतात. तो दोन तऱ्हेचा असतो, पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह. नावे अवघड आहेत, पण मोसंबीच्या बागेला पाणी देणारीला हे लगेच कळेल.

टाकी उंचावर असली की पाणी आपोआप जोरात येते. तिथे फक्त कॉक लागतो. कॉक पाणी कमी करतो, बंद करतो, पण जोर वाढवू शकत नाही. पॅसिव्ह प्रीॲम्प म्हणजे हा कॉक. आमची डबी तीच होती. तिला वीज लागत नाही, ती स्वस्त असते आणि स्वतःची घरघर मिसळत नाही.

पाणी खालच्या विहिरीत असेल तर कॉक कितीही उघडा, बागेला पाणी पोचणार नाही. तिथे मोटर लागते. ॲक्टिव्ह प्रीॲम्प म्हणजे ही मोटर. त्याच्यात ट्रान्झिस्टर किंवा आयसी असते, त्याला वीज लागते आणि तो बारीक आवाज कित्येक पटींनी मोठा करून पुढे देतो.

आता मोबाईल म्हणजे उंच टाकी की खोल विहीर? मोबाईलच्या हेडफोनच्या भोकातून आवाज पूर्ण ठेवला की साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. बहुतेक ॲम्प्लिफायरना तेवढा पुरतो. गावाकडे ४४४० आयसीचे डबे असतात, त्यांना तर याहून खूप कमी चालते. म्हणजे मोबाईल, रेडिओ, टीव्ही, सीडी या उंच टाक्या. त्यांना कॉक बस्स.

माइकचे उलटे आहे. हातात धरायच्या साध्या माइकमधून एक-दोन मिलिव्होल्टच निघतात. एका व्होल्टचे हजार मिलिव्होल्ट होतात, म्हणजे मोबाईलपेक्षा शेकडो पटींनी कमी. ही खोल विहीर. कोणाच्या घरी जुना तबकड्यांचा रेकॉर्ड प्लेअर असेल, तर त्याच्या सुईतूनही बरेचदा असेच थोडेसे मिलिव्होल्ट येतात, आणि तेव्हा त्याला त्याच्यासाठीचा खास प्रीॲम्प लागतो.

आकाशवाणी असो की सातारा जिल्ह्यात म्हसवडला २००८ पासून चालणारी माणदेशी तरंग वाहिनी असो, माइकवर बोललेला शब्द आधी ॲक्टिव्ह प्रीॲम्पमधूनच पुढे जातो. बोलणारा पुरुष असो की बाई, माइकचा आवाज बारीकच निघतो. त्यात कमीपणा काही नाही.

मग सगळीकडे मोटरच का लावू नये? उंच टाकीच्या पाण्याला वरून मोटर लावली तर पाइप फुटायचा. तसेच मोबाईलचा जोरकस आवाज पुन्हा वाढवला की तो फाटतो. स्वस्त प्रीॲम्पची वीज नीट नसली तर स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येत राहतो. पैसे जास्त आणि आवाज वाईट, असे होऊन बसते.

कॉकलाही मर्यादा आहे. नुसत्या नॉबच्या डबीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत तार लांब नेली की टाळांची किणकिण, 'स'-'श'चे उच्चार असे बारीक आवाज आधी मंदावतात. म्हणून ती तार एक-दोन मीटरच ठेवा, आणि जाळीची म्हणजे शील्डची वायर घ्या. तार लांब न्यायचीच असेल, तर ॲक्टिव्ह बरा.

खरेदीच्या आधी घरीच तपासून बघा. ॲम्प्लिफायर बंद ठेवून पिन जोडा, मोबाईलचा आणि नॉबचा आवाज कमी करा, मग चालू करा. नाहीतर एकदम जोर येऊन स्पीकर उडू शकतो. आता मोबाईलचा आवाज पाऊण ठेवून नॉब हळूहळू फिरवा. नॉब अर्धा व्हायच्या आत खोली भरली, तर गाण्यांसाठी वेगळा प्रीॲम्प घेऊ नका. माइक लावायचा असेल तर ॲम्प्लिफायरच्या मागे-पुढे 'माइक' लिहिलेले भोक शोधा. ते असेल तर प्रीॲम्प आतच आहे, वेगळे काही घ्यायला नको. फक्त माइक 'ऑक्स' किंवा 'लाइन'च्या भोकात घालू नका. 'माइक'चे भोक नसेल, तरच छोटा माइक प्रीॲम्प किंवा मिक्सर घ्या. सेट बदलायची गरज नाही.

आणि माइक तोंडापासून चार बोटांवर धरा. अंतर दुप्पट केले की माइकला आवाज निम्माच मिळतो.

आम्ही छोटा माइक प्रीॲम्प तेवढा घेतला. मोबाईलसाठी जुनी डबी तशीच ठेवली. पुढच्या सभेत काकूंच्या हाती माइक दिला. त्यांनी पाण्याचा तोच विषय पुन्हा पहिल्यापासून मांडला, आणि शेवटच्या ओळीतून त्यांना प्रश्नही आले.

तेव्हा मैत्रिणींनो, आवाज पोचत नसेल तर खाली बसू नका. आधी मधली डबी तपासा.