आणलेला जीव, घेतलेले व्रत

वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. बिऱ्हाड हलते तेव्हा देव्हारा, तिजोरी, जुन्या चोपड्या, सारे टेम्पोत चढते. घरचा कुत्रा मात्र कधी कधी खालीच राहतो. भाड्याच्या घरात त्याची अडचण होते, आणि ‘शेजारीपाजारी घालतील भाकरी’ या समाधानावर कुटुंब निघून जाते.

आपल्या पूर्वजांची रीत निराळी होती. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालली, तेव्हा पारशी बांधवांनी प्रखर विरोध केला आणि जैन व हिंदूही त्यात सामील झाले. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली. तिच्यासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वतःहून लागा बसवला. ही दया एका दिवसाची नव्हती, ती रोजच्या दाण्यापाण्याची कायमची तजवीज होती.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मुक्या जीवाला दिवसभर गॅलरीत बांधून ठेवणे हा बंध, आणि त्याला उपाशी मागे टाकून जाणे हा अन्नपाननिरोधच नव्हे काय? हात न उगारताही व्रताला दोष लागतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे गुन्हा ठरविले आहे.

म्हणून पिल्लू आणण्याआधी हिशेब मांडावा. कुत्रा दहा ते तेरा वर्षे, कधी त्याहून अधिक जगतो. रेबीजची नियमित लस, निर्बीजीकरण, भर पावसातही दोन वेळा फिरवणे आणि म्हातारपणी सांधेदुखी व मोतीबिंदू हे सारे त्यात धरावे. कांदा-लसूण त्याला अपायकारक असल्याने आपले स्वयंपाकघर त्या बाबतीत निर्धोक. परंतु बेदाणे व चॉकलेट त्याला विषासमान आहेत. शाकाहारावर ठेवायचे तर प्रथिनांबाबत पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. पालीताण्याच्या यात्रेला सारे निघाले, किंवा ज्याने हट्टाने पिल्लू आणले तो मुलगा परगावी शिकायला गेला, तर त्याचे कोण पाहील, हेही आधीच ठरवावे.

उत्तर मिळत नसेल तर आणू नये. गल्लीतल्या कुत्र्याच्या लसीचा वा उपचाराचा खर्च उचलणे हीदेखील जीवदयाच आहे. व्यापारी शब्द देण्यापूर्वी दहादा विचार करतो आणि दिलेला शब्द फिरवत नाही. या मुक्या जीवाशी झालेल्या व्यवहाराची चिठ्ठी कोठेच नसते. म्हणून तो अधिक काटेकोरपणे पाळावा.