बसा, पण अधूनमधून उठा

बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त अनेक ग्रंथालयांत आणि विहारांत सलग 18 तास अभ्यासाचा उपक्रम होतो. एरवीही आपल्या वस्तीतली मुले-मुली स्पर्धा परीक्षेसाठी रोज दहा-बारा तास बसतात. कुणी बँकेत, कुणी कॉल सेंटरमध्ये, कुणी डेटा एन्ट्रीच्या कामावर दिवसभर खुर्चीत असतात. आपल्या आजोबांची पाठ ओझी वाहून दुखायची, आपली बसून दुखते.

असे का होते? आपले डोके साधारण 4 ते 5 किलो वजनाचे असते. मान पुस्तकावर किंवा मोबाइलवर झुकली की मानेवरचा ताण कितीतरी पटीने वाढतो. शिवाय मणक्यांमधल्या गाद्यांना थेट रक्तपुरवठा नसतो. त्यांना पोषण मिळते ते हालचालीतून. म्हणजे दोष बसण्याचा कमी आणि न उठण्याचा जास्त.

भगवान बुद्धांच्या संघात ध्यानाच्या बैठकीबरोबर चंक्रमणही होते. चंक्रमण म्हणजे शांतपणे येरझारा घालणे. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत. निरोगी राहणे आणि खाल्लेले पचणे हे त्यातलेच. हीच सवय आपण अभ्यासाला आणि कामाला लावू या.

काय करावे?

- दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चाला. पाण्याची बाटली हाताशी न ठेवता लांब ठेवा, म्हणजे उठावेच लागेल.
- दहा बाय दहाच्या खोलीत टेबल मावत नसेल, तर भिंतीला पाठ टेकून बसा. बुडाखाली घडी घातलेली गोधडी आणि कमरेमागे छोटी उशी घ्या. पुस्तक मांडीवर न ठेवता डब्यावर किंवा पाटावर उंच ठेवा.
- पलंगावर पालथे पडून वाचू नका.
- खुर्चीत बसताना पाय जमिनीला टेकलेले हवेत. टेकत नसतील तर खाली वीट किंवा पाट ठेवा. संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी.
- दिवसातून तीनदा खांदे मागे फिरवा, हनुवटी हळूच मागे ओढा, उभे राहून कमरेवर हात ठेवून थोडे मागे वाका. प्रत्येक प्रकार 10 वेळा. दुखले तर तिथेच थांबा.

दुखणे अंगावर काढू नका

मेडिकलमधून गोळी आणून रोज खाणे धोक्याचे आहे. वेदनाशामक गोळ्या फार दिवस घेतल्या तर पोटात व्रण होतो, मूत्रपिंडांना इजा होते. हातापायाला मुंग्या येणे, बोटांतली ताकद कमी होणे, कळ गुडघ्याखाली उतरणे किंवा दुखण्याबरोबर ताप असल्यास महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

घरातल्या मोठ्यांनाही एक विनंती. पोरगी पुस्तक ठेवून अंगणात चालू लागली, तर "अभ्यास सोडून फिरतेस काय?" असे म्हणू नका. विहारातल्या अभ्यासिकेत दर अर्ध्या तासाने एकाने घंटा वाजवावी, सगळ्यांनी उठावे. शिकण्याची संधी आपण संघर्षातून मिळवली आहे. ती पेलायला पाठही धड हवी.

जय भीम!